सुगरण पुल्लिंगी नसते

एका जंगलात, बालमित्रांनो, झाडून सगळ्यांना घरटी होती आणि त्या घरट्यांचा अभ्यास मात्र कुणीच केला नव्हता. इतकं मागासलेलं जंगल तुम्ही पाहिलं नसेल.

सिंहमहाराजांना याची लाज वाटली. शेजारच्या जंगलाचा अभ्यास दोनदा झाला होता म्हणे. त्यांनी टिटवीबाईंना बोलावलं आणि घरटे-अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष करून टाकलं.

टिटवीबाईंनी जन्मात काडीला चोच लावली नव्हती. उघड्या माळावर चार खडे बाजूला सारायचे आणि अंडी घालायची, असा त्यांचा संसार. पण व्याकरण पक्कं होतं. शिवाय घरटं बांधणाऱ्यालाच घरट्याबद्दल विचारलं तर तो आपल्या बाजूने बोलणार, नाही का? तज्ज्ञ कसा कोरा हवा.

आधी बाई आग्यामोहोळाकडे गेल्या. “एक पोळं उघडून दाखवा,” म्हणाल्या. त्यानंतर दिवसभर त्या तळ्यात मानेपर्यंत बुडून होत्या. अहवालात लिहिलं, ‘मधमाश्यांविषयी पुरेशी माहिती आधीच उपलब्ध आहे.’

मग त्या कुंभारणीकडे गेल्या. कुंभारीण म्हणजे गांधीलमाशीच्या कुळातली ती हो, भिंतीवर मातीची इवलीशी मडकी करते ती. मडक्यात अंडं घालते, पोराच्या जेवणासाठी अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते.

“यजमान कुठे आहेत?” बाईंनी विचारलं.

“कसले यजमान?”

“अहो, कुंभारीण म्हणजे कुंभाराची बायको. कुंभार कुठे आहे?”

“मला नाही बाई ठाऊक. माती मीच आणते, मडकं मीच घडवते.”

एवढं बोलून तिने चिखलाचा गोळा तोंडात धरला, त्यामुळे पुढे तिला बोलता आलं नाही. बाईंनी तो होकार समजला. त्यांनी लिहिलं, ‘मडकी कुंभार घडवतो. भेटीच्या वेळी तो बाहेर गेला होता.’

हे सगळं ठीक होतं. वाईट पुढेच झालं.

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पिवळोजी नावाचा सुगरण पक्षी खोपा विणत होता. सुगरणींमध्ये, मुलांनो, खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी बघायला येते, ओढूनताणून पाहते. पसंत पडला तर लग्न, नाहीतर रामराम. गेल्या वर्षी पिवळोजीचे दोन्ही खोपे नापसंत झाले होते. यंदा मात्र सोनकी नावाची मादी म्हणाली होती, “वीण छान आहे हो तुमची. मधली कमान तेवढी ढिली आहे. ती घट्ट करा, परवा येते मी.”

पिवळोजी आनंदाने हिरवं गवत चिरून आणत होता. तेवढ्यात बाई आल्या.

“सुगरण आहे का घरात?”

“मीच सुगरण.”

बाई हसल्या. “सुगरण पुल्लिंगी नसते. ती सुगरण, त्या सुगरणी. तुम्ही कोण? गडी का?”

“बाई, खोपा मी विणतो! हे बघा, चोचीत गवत आहे माझ्या.”

“गवत म्हशीच्याही तोंडात असतं.”

“थांबा, विणूनच दाखवतो.”

“खबरदार! अभ्यास चालू असताना घरट्याला चोच लावायची नाही. निष्कर्ष बिघडतात. सुगरण येऊ दे, मग ती विणेल.”

“अहो, ती विणायला नाही, बघायला येणार आहे! कमान ढिली दिसली तर निघून जाईल!”

“तेही लिहून घेऊ,” बाई म्हणाल्या आणि खोप्यासमोरच ठाण मांडून बसल्या.

पिवळोजी दोन दिवस शेजारच्या फांदीवर बसून राहिला. हिरवं असतं तोवरच गवत वळतं. त्याने आणलेलं सगळं गवत त्याच्या डोळ्यांदेखत वाळून कडक झालं.

सोनकी आली. कमानीला लोंबकळून तिने एक हिसका दिला. कमान सुटली.

“दोन दिवस काय करत होतात?”

“अभ्यास चालू होता.”

“कशाचा?”

“माझाच.”

“म्हणजे बसून होतात,” सोनकी म्हणाली आणि ओढ्यापलीकडच्या शिंदीवर निघून गेली. तिथल्या खोप्यांपर्यंत मंडळ अजून पोचलं नव्हतं.

खरं सांगतो, इथे मला त्या टिटवीचा भयंकर संताप येतो. पण गोष्ट सांगणाऱ्याने संतापायचं नसतं.

बाईंनी लिहिलं, ‘सुगरण आली, काम न करताच गेली. हल्लीच्या सुगरणी आळशी झाल्या आहेत.’

पिवळोजीने खोप्याची एकेक काडी उसवली आणि विहिरीत टाकली. बाईंनी तेही बारकाईने पाहिलं. ‘गड्याला घरट्याचा उपजत तिटकारा असतो.’

अहवाल महाराजांना फार आवडला. पुढच्या हंगामापासून सर्व सुगरण माद्यांना खोपा विणण्याचा वर्ग सक्तीचा झाला. शिकवायला अर्थातच टिटवीबाई. पिवळोजीनेही शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. तो अनुभवाअभावी फेटाळण्यात आला.

तात्पर्य : चोचीत कला असून भागत नाही, आधी व्याकरणात बसावं लागतं. म्हणून मुलांनो, कोणतंही काम हाती घेण्यापूर्वी आपलं लिंग आणि वचन तपासून घ्या. काम काय, कुणीही करतं.