दमलेली बॅटरी

“मेली म्हनू नका ओ. दमलीय ती.”

भिंतीपलीकडून आवाज आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. सोपानकाका फोनवर नारायणगावच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याशी बोलत होते, आणि दमलेली ती म्हणजे त्यांच्या ड्रोनची बॅटरी.

सोपानकाका आमचे शेजारी. निवृत्त वायरमन, घरात एकटे. त्यांच्या लेखी कुठलीही वस्तू मरत नाही. मिक्सर दमतो, पाण्याची मोटर दमते. भिंतीवरचं घड्याळ तर चार वर्षं सव्वादोनवर दमून बसलंय, पण ते उतरवायचं नाही. “जागं झालं आन् जाग्यावर नसलं तर?” रिमोटचे सेल ते दाताखाली चावतात आणि मग गच्चीवर कुरडयांसारखे उन्हात वाळवतात. त्यानंतर रिमोट आठ दिवस खरंच चालतो, हेही सांगायला हवं.

ड्रोन त्यांच्या मुलाचा. तो पुण्यात लग्नांचं शूटिंग करतो. नवा घेतल्यावर जुना इथे आणून टाकला. काका त्याला पाखरू म्हणायचे आणि रोज संध्याकाळी गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून उडवायचे. चौकातली माणसं विचारायची, “काय सोपानराव, आज वर कोन भेटलं?”

“तुमची अक्कल हुडकीत व्हतो. नाय घावली.”

मी मंचरला नोकरी करते. साडेपाचच्या एसटीने फाट्यावर उतरते आणि उसामधल्या वाटेने पंधरा मिनिटं चालत घरी येते. पाखरू नेमकं माझ्या डोक्यावर भुणभुणायचं. मी मान खाली घालून भरभर चालायचे. गेल्या दिवाळीनंतर एकदा पप्पांना सांगितलं. ते काकांना काय बोलले माहीत नाही, पण त्या दिवसापासून पाखरू लोखंडी पेटीत गेलं. मी समोरून आले की काका रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात त्या वाटेच्या वळणावरच्या गोठ्यातून बिबट्याने कालवड नेली. दुसऱ्या दिवशी काकांनी पेटी उघडली, तर बॅटरी ढिम्म.

“जा गं, काकांना त्या ड्रोनच्या पुस्तिकेतलं इंग्लिश वाचून दाखव,” रविवारी मम्मी म्हणाली. “एवढी फी भरली, काहीतरी उपयोग होऊ दे.”

मी गेले. बॅटरी घोंगडीत गुंडाळलेली होती. “थंडी बाधली आसंल,” काका म्हणाले. तिच्या पितळी पट्ट्या त्यांनी खोडरबरने घासून चकचकीत केल्या होत्या. दोन चार्जर आणि तीन वायरी बदलून झाल्या होत्या. बटण एकदा दाबायचं, मग पुन्हा दाबून धरायचं, असं करून त्यांचा अंगठा लाल झाला होता. बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी एकही लागत नव्हता.

“चावून बघू का?”

मी जोरात नकारार्थी मान हलवली.

“उन्हात?”

पुन्हा हलवली.

“बोलत का नाय गं तू? का तुजी बी दमलीय?”

मी पुस्तिका उघडली आणि वाचून सांगितलं. फार दिवस वापरली नाही, तर बॅटरी आपणहून गाढ झोपेत जाते. चार्जरला लावून ठेवली, तर जागी होऊ शकते.

काकांनी मांडीवर थाप मारली. “बघ! पुस्तकात बी तेच. झोपलीय!”

“पण फारच दिवस रिकामी पडली असेल, तर नाही होत.”

थाप मारलेला हात तिथेच राहिला. शेवटचं कधी उडवलं, ते त्यांना आठवेना. “मोबाईलात आसंल,” म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

ॲपमध्ये सगळ्या उड्डाणांची यादी होती. प्रत्येक उड्डाण साडेपाचच्या आगेमागे. नकाशावर प्रत्येकाची रेघ तीच: गच्चीवरून थेट फाटा, तिथून उसाची वाट, माणसाच्या चालीने, आमच्या दारापर्यंत. एसटी उशिरा आली त्या दिवशी रेघ फाट्यावरच गोल गोल फिरली होती. रविवारचं एकही उड्डाण नव्हतं. शेवटचं होतं मी पप्पांशी बोलले त्याच्या आदल्या दिवसाचं.

मी स्क्रीनवरून मान वर केली नाही.

“आवाज लई करायचं ते,” काका खिडकीकडे बघत म्हणाले. “त्या आवाजानं वाघ उसातनं भाईर येत नाय, आसं आपलं मला वाटायचं. तुला सांगनार व्हतो. पन सांगितलं आसतं तर भ्याली आसतीस. आन् वाट तर तीच हाय.”

बॅटरी चार्जरला लावली. काकांनी चहा केला, मला दिला, स्वतःचा गार होऊ दिला. दर दहा मिनिटांनी ते वाकून दिव्यांकडे बघायचे आणि काही बघितलंच नाही असे परत बसायचे. तीन तासांनी मी तिच्यावरून बोट फिरवलं. पोट फुगलं होतं.

“फुगलेली पेट घेते, काका. आता नाही लावायची.”

त्यांनी वायर काढली. दोन्ही हातांत धरून बॅटरी अंगणात नेली आणि वाळूच्या घमेल्यात अलगद ठेवली.

“मंग मेलीच म्हनायची,” ते म्हणाले.

कुठल्या वस्तूला मेली म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. आत घड्याळात सव्वादोन वाजलेले होते.

मी चपला घालत होते, तेव्हा त्यांनी दारामागची वायरमनकीच्या दिवसांतली बांबूची काठी काढून झटकली. कोळिष्टकं खाली पडली.

“उद्यापास्नं मी फाट्यावर येत जाईन. साडेपाचला. तू म्होरं चाल. मी लांबनं येतो. पार लांबनं. तुला तरास नाय व्हनार.”

मी फाटकापर्यंत गेले. कडीला हात लावला आणि तशीच उभी राहिले. मग वळले.

“लांबून नको, काका,” मी म्हणाले. “बरोबरच चालू.”