कानसेनाच्या घरची गळती

बॉयलर बोलतो, फक्त ऐकणारा कान पाहिजे, असं कानसेन सगळ्यांना सांगायचा. न्हाव्याच्या दुकानात सांगायचा, बँकेच्या रांगेत सांगायचा, दाताच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असतानासुद्धा सांगायचा! त्याचं खरं नाव आता फक्त त्याच्या आईला आठवत असेल. स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉयलरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सूर लागलेल्या गवयासारखा चेहरा करून निकाल द्यायचा, "व्हॉल्व्ह गेलाय." दहातल्या सात वेळा व्हॉल्व्हच गेलेला असायचा. उरलेल्या तीन वेळांचा विषय तो काढत नसे.

आणि या धन्वंतरीच्या स्वतःच्या बाथरूममधला बॉयलर एकोणीस दिवस गळत होता!

पहिल्या दिवशी बायकोनं खाली वाटी ठेवली. चौथ्या दिवशी पातेलं. आठवड्यानं बादली आली. रोज सकाळी ती विचारायची, "अहो, बॉयलर बघताय ना?" आणि रोज तो बूट चढवता चढवता म्हणायचा, "अगं, गळत नाहीये तो. घाम येतोय त्याला. उद्या बघतो."

"बॉयलरला घाम येतो, पण मालकाला लाज येत नाही," बायको म्हणायची. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिचं बोलणं थोडक्यात आणि उत्तरासकट असायचं.

विसाव्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

दहाच्या सुमाराला कानसेनाच्या दुकानात फोन वाजला. फोन घ्यायचं आणि कामं नोंदवायचं खातं त्याच्या थोरल्या बहिणीकडे. ताईनं चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि पुढे सरकवली.

"बॉयलर गळतोय. बाई भयंकर चिडल्यात. आधीचा मिस्त्री म्हणे एकोणीस दिवस नुसता 'उद्या बघतो' म्हणून टोलवतोय."

"एकोणीस दिवस!" कानसेन कडाडला. "असल्या कामचुकारांमुळे अख्खा धंदा बदनाम होतो, ताई! समोर येऊ दे तो, चांगला सोलून काढतो!"

"काढ की," ताई शांतपणे म्हणाली. "पत्ता चिठ्ठीत आहे."

चौकात सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा त्यानं चिठ्ठी उघडली. दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमले. कानसेन जागचा हलेना. पत्ता त्याच्याच घरचा होता!

त्यानं तिथूनच फोन लावला. "ताई! ही काय थट्टा आहे?"

"नोंदवलेलं काम मोडायचं नाही, ही पाटी दुकानात कुणी लावलीय? आणि संध्याकाळी तुमच्या इमारतीची बैठक आहे. चाळीस बॉयलरांचं वर्षभराचं कंत्राट कुणाला द्यायचं ते आज ठरणार. तुझ्या घरातली ती बादली कुणाच्या नजरेला पडली ना, तर बस मग घाम पुसत!"

हे मात्र वर्मी लागलं. त्या कंत्राटासाठी कानसेन सहा महिने अध्यक्षांना दिसेल तिथे नमस्कार घालत होता. त्यानं स्कूटर घराकडे पिटाळली.

बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण पाहिजे?"

"अगं, मी!"

"मी कोण?"

कानसेनानं फटीतून चिठ्ठी पुढे केली. "बॉयलर बघायला आलोय."

"असं होय! या दादा, या. बूट बाहेर काढा."

"दादा काय म्हणतेस नवऱ्याला!"

"मिस्त्र्यांना दादाच म्हणतात. अहो-जाहो करून लाडानं बोलले तर आमच्या ह्यांना काय वाटेल?" एवढं म्हणून ती पुढे झाली. "पाय पुसा. आणि हो, पाणी गळतंय बरं का. घाम नाही."

कानसेन मुकाट्यानं बाथरूममध्ये शिरला. बॉयलरचं बटण बंद केलं, सवयीनं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. बायको दारात हाताची घडी घालून उभी.

"व्हॉल्व्ह गेलाय," तो म्हणाला.

नवा व्हॉल्व्ह बसला. दोघं बघत राहिले. बादलीत आवाज आला, टप्प!

"बोलला बघा," बायको म्हणाली.

कानसेनानं पाना घेतला आणि थंड पाण्याच्या पाइपाचा जोड तपासायला घेतला. तो जोड असा तिरपा बसवलेला होता की बघून त्याचं डोकंच फिरलं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तोंडातून निघतं ते वाक्य आपोआप बाहेर पडलं, "कुठल्या गाढवानं बसवलंय हे?"

बायकोनं सरळ त्याच्याकडेच बोट केलं. त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर! निवृत्त झाले तरी चालण्याबोलण्यात छडी शाबूत. आणि इमारतीचे अध्यक्ष तेच!

"बाई, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय. तुमच्याकडे काही गळतंय का?"

"हो. मिस्त्री आलेत, काम चाललंय."

"मिस्त्री? म्हणजे तुमचे यजमान ना?"

बाथरूमच्या दारातून कानसेन बायकोला हातवारे करत होता. नको, नको, नाव सांगू नकोस! एका हातात पाना, दुसऱ्यात फडकं, आणि चेहरा रडवेला. बायकोला दया आली. तिला तेवढीच मजाही आली.

"छे हो! ह्यांना कुठला वेळ? दुसरे आहेत."

हेडमास्तर थक्क झाले. "कानसेनाच्या घरी दुसरा मिस्त्री? वैद्य स्वतःच्या दुखण्याला ज्या वैद्याकडे जातो, तो केवढा मोठा असणार! बघू तरी माणूस कोण आहे!" आणि ते तरातरा आत आले.

कानसेनानं झटक्यात दांडीवरचा टॉवेल ओढला आणि डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळलं.

"नमस्कार मिस्त्री! काय, धुळीचा त्रास आहे वाटतं? बरं, तुम्हाला आमचा कानसेन कसा वाटतो कामाला?"

"बराय," टॉवेलातून जाडाभरडा आवाज आला.

"बरा? अहो, मागे माझा बॉयलर बिघडला, तर डोळे मिटून म्हणाला, व्हॉल्व्ह गेलाय. व्हॉल्व्ह बदलला. नंतर कळलं, नळाचाच दोष होता! कसला कानसेन? ठार बहिरा आहे तो!"

पाना तेव्हा जोडावर होता. 'बहिरा' हा शब्द कानात शिरला आणि कानसेनाच्या मनगटात नको तेवढं बळ आलं. कट्! जोड तुटला, आणि पाण्याची धार सुटली ती थेट हेडमास्तरांच्या चष्म्यावर!

"मेन कॉक! मेन कॉक!" कानसेन ओरडला. एवढ्या धांदलीतही आवाज जाडाच काढायचं त्याला सुचलं, हे विशेष. हेडमास्तर धारेपासून पळायला गेले ते बादलीत पाय घालून बसले. कानसेन तुटलेल्या पाइपावर अंगठा दाबून उभा, आणि पाणी अंगठ्याला न जुमानता चारही बाजूंनी उडतंय!

बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन शांतपणे मेन कॉक बंद केला. परत आली ती हातात कागदाच्या पट्ट्या घेऊन.

"मिस्त्रीदादा, सकाळी मी बॉयलर कोरडा पुसला आणि प्रत्येक जोडाला हा टिपकागद गुंडाळला. पाव तासानं बघितलं. व्हॉल्व्हचा कागद कोरडा. पाइपाचा कोरडा. खालच्या झाकणाचा तेवढा भिजलेला. म्हणजे झाकणाचं रबर गेलंय."

"मग आधी का नाही सांगितलंस?" तो टॉवेलातून कुजबुजला.

"तुम्ही बॉयलरचं ऐकत होतात. म्हटलं, मध्ये कशाला बोला."

टाकी रिकामी केली, झाकण उघडलं. आतलं रबर उन्हात पडलेल्या चपलेसारखं तडकलेलं! नवं रबर घातलं, तुटलेला जोड बदलला, या वेळी सरळ बसवला, आणि पाणी सोडलं. तिघं अर्धा तास बॉयलरखाली माना वर करून उभे राहिले. थेंब नाही!

हेडमास्तर ओल्या सदऱ्यानं ओला चष्मा पुसत होते. त्यांना समोर नुसता एक टॉवेल दिसत होता, पण त्या टॉवेलाकडे ते भक्तिभावानं बघत होते. "कागद लावून पाहायचं! याला म्हणतात शास्त्रीय पद्धत! वा, मिस्त्री, वा!" ते निघून गेले.

संध्याकाळी बैठक संपल्यावर ते पुन्हा वर आले. कानसेनानं दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, कोरडे केस.

"हे कंत्राटाचं पत्र," हेडमास्तर म्हणाले. कानसेनानं दोन्ही हात पुढे केले. "सकाळच्या त्या मिस्त्रींना द्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं."

"हेडमास्तर," कानसेनानं धीर एकवटला, "तो मिस्त्री म्हणजे खरं तर..."

"वाईट वाटून घेऊ नका! तुमचंही नाव निघालं होतं. मीच पाडलं." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "पण आपल्यापेक्षा मोठा कारागीर घरी बोलावलात, याला मोठं मन लागतं हो!"

आतून बायको म्हणाली, "मी पोचवते त्यांना पत्र." तिचा आवाज जरा घुसमटल्यासारखा येत होता. तोंडात पदर कोंबल्यावर येतो तसा.

तेव्हापासून दर शनिवारी त्या इमारतीत टॉवेल गुंडाळलेला एक मिस्त्री फिरतो. बोलतो कमी. आधी टिपकागद लावतो, मग पाना काढतो. लोक खूश आहेत.

गेल्या शनिवारी हेडमास्तरांच्या घरी पाळी होती. ते टॉर्च धरून उभे होते. जरा वेळानं म्हणाले, "मिस्त्री, वेळ मिळाला तर त्या कानसेनाला चार गोष्टी शिकवा की. माणूस तसा वाईट नाहीये."

मिस्त्री बराच वेळ जोडाला कागद गुंडाळत राहिला.

"त्याची बायको शिकवतेय साहेब त्याला," तो जाड्याभरड्या आवाजात म्हणाला. "जरा वेळ लागेल."