मैथिलीबाईंच्या चारशे बारा उल्लेखांचे वर्तमान

॥ श्री ॥ जी देहाच्या वेशीवर अहोरात्र पहारा करिते आणि रजा मागत नाही, त्या पांढऱ्या पेशीस नमस्कार करोन लिहिणे ऐसे जे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी, विद्येच्या एका राज्यात रोगप्रतिकारशास्त्राच्या पंडिता मैथिलीबाई धारप यांचे शोधनिबंध छत्तीस जाहले, आणि त्यांतील एकाचा उल्लेख देशोदेशीच्या पंडितांनी आपापल्या निबंधांत चारशे बारा वेळां केला. त्या राज्यी थोरवी मोजावयाची रीत हीच, की किती जणांनी नाव घेतले. काय म्हणोन घेतले, हे पुसावयाची चाल नव्हती. निबंधी लिहिले होते की, अमुक औषध दिधले असता फुफ्फुसाच्या जीवघेण्या तापातून उंदीर उठोन बसतात. आणि चारशे बारांपैकी तीनशे पंडितांनी बहुत अदबीने लिहिले की आमचे काही उठले नाहीत, मग पुढे जोडिले की आमचे हवामान निराळे असेल. बाईंसही हवामानाचे पटले. मनुष्यास पटावयाचे ते पटते. राज्याचे संचालक त्र्यंबकराव सबनीस, ज्यांस सारे सरकार म्हणत, त्यांनी आकडा ऐकोन बाईंस शाल व विभागप्रमुखीची वस्त्रे देण्याचा दरबार नेमिला.

दरबारास आठ दिवस उरले असता दूरच्या विद्यापीठातून रेश्मा तांबोळी नामे विद्यार्थिनीचे पत्र पावले. "बाई, तीन वर्षे तुमच्या रीतीने औषध देते, माझे उंदीर मरतात. सर म्हणतात, चारशे लोक ज्याचं नाव घेतात ते चुकेल कसं, तुझाच हात वाईट. पदवी अडली आहे. माझा हात कुठे चुकतो तेवढं सांगा, वाईट वाटून घेणार नाही."

बाईंनी अकरा वर्षांची जुनी नोंदवही काढिली. मांडीवर दीड वर्षांची कन्या केळे खात होती, आणि तिने तोच हात पानावर थापिला, आणि बाई ते केळे पुसो लागल्या तो खाली सतरा क्रमांकाचा उंदीर दिसला. हा सतरा औषध दिलेल्यांत होता, आणि मागल्या पानी ज्यांस ताप दिलाच नाही त्यांतही होता. त्याचे भाऊबंदही तैसेच. मग आठवले की दिवाळीची झाडलोट होती, पिंजरे हलविले होते, आणि औषध दिलेल्यांची हिरवी चिठ्ठी आपणच आपल्या हाते भलत्या पिंजऱ्यास अडकविली होती. बाई बहुत वेळ लेकीचे चिकट बोट धरोन बसल्या.

मग बाईंनी सरकारांस गाठोन अवघे सांगितले, आणि निबंध मागे घेते म्हणाल्या. सरकारांनी चहा मागविला, बिस्कीट बुडविले, ते पेल्यात पडले, ते चमच्याने काढीत बोलिले, "बाई, उल्लेख तो उल्लेख. शिवी द्यायची म्हटली तरी नाव घ्यावंच लागतं की. शेजारच्या राज्याच्या वर आपण तुमच्या जिवावर आहोत. दरबार होऊ द्या, मग बघू."

बाई म्हणाल्या, "त्या पोरीची तीन वर्षं गेली, सरकार."

"सगळ्यांचीच जातात," सरकार बोलिले.

नेमिल्या दिवशी दरबार भरला, शाल खांद्यावर पडली, नारळ हाती आला, भाट म्हणावा ऐशा एका प्राध्यापकाने चारशे बारा हा आकडा सहा वेळां उच्चारिला. मग बाईंस दोन शब्द बोलावयास उभे केले. एकवार वाटले, आभार मानावे आणि खाली बसावे. वस्त्रे मिळाली असता पगार वाढोन पाळणाघराच्या खर्चाची चिंता मिटणार होती. मग त्या बोलिल्या, "माझ्या निबंधातले उंदीर बरे झाले नव्हते. ते मुळी आजारीच नव्हते. चिठ्ठी मी चुकवली. ज्यांचे उंदीर मेले त्यांचे हात चांगले आहेत."

शाल बाईंनी आपणच घडी करोन मेजावर ठेविली. पुढे निबंध मागे घेतला गेला, आणि विभागप्रमुखीची वस्त्रे सरकारांच्या भाचेजावयास जाहली, ज्यांचे उल्लेख नऊ होते आणि त्यांतले सात त्यांचे त्यांनीच केले होते. नवल ऐसे की मागे घेतलेल्या निबंधाचे उल्लेख वर्षात चारशे एकतीस जाहले, कारण पंडितांस लिहिण्यातून वाचावयास सवड होत नाही.

तात्पर्य ऐसे की राज्य एक पायरी उतरले, बाई होत्या त्या खोलीत होत्या त्या खुर्चीवर राहिल्या, आणि ज्येष्ठमासी रेश्मा तांबोळीचे पत्र आले. "बाई, पदवी मिळाली. माझे उंदीर शास्त्राप्रमाणे मेले होते, असा परीक्षकांनी निवाडा दिला. आईने गल्लीत पेढे वाटले. कशाचे ते विचारू नका, तिला मेलेल्या उंदरांचं सांगितलेलं नाही." बाईंनी ते पत्र कन्येस मोठ्याने वाचोन दाखविले. इतके वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले.