सोड म्हटलं की सोडतो

हेडक्लार्कांनी कचेरीच्या खर्चाने नेतृत्वाची दोन दिवसांची कार्यशाळा केली होती. प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलंही होतं. पण कचेरीत शिपाई त्यांचं ऐकत नसे आणि घरात बायको, सासूबाई अन् नऊ वर्षांची लेक ऐकून न ऐकल्यासारखं करत. एवढं सगळं नेतृत्व वापरायचं तरी कुणावर, हा प्रश्न होता. तो भुंग्याने सोडवला.

भुंग्या म्हणजे लेकीचा कुत्रा. त्याने इमारतीच्या सेक्रेटरींच्या नव्या बुटाचा चावून चोथा केला. जोडीतला दुसरा बूट सेक्रेटरींनी पुरावा म्हणून जपून ठेवला आणि नोटीस धाडली: रविवारी सकाळी दहाला तपासणी. शिस्त दिसली तर कुत्रा राहील, नाहीतर जाईल. जाईल म्हणजे लेकीच्या मामाच्या गोदामावर, साखळीला. हे कळल्यावर लेक भरल्या ताटावरून उठून गेली.

"रडायचं नाही," हेडक्लार्क तिला म्हणाले. "आठ दिवसांत सरळ करतो त्याला. कुत्र्याला फक्त एक नेता लागतो."

"तो कुठून आणणार आहात?" बायकोने विचारलं.

असल्या बोलण्याकडे नेते लक्ष देत नाहीत. हेडक्लार्कांनी फ्रिजवर नियम डकवले. आज्ञा एकदाच द्यायची. आवाज ठाम ठेवायचा. आज्ञा पाळली की लगेच बिस्किट, आणि यात एकदाही खंड पडता कामा नये. खाली त्यांनी सहीसुद्धा केली.

सोमवारी भुंग्याने चप्पल पळवली. हेडक्लार्क गरजले, "सोड!" दचकून भुंग्याच्या तोंडातून चप्पल पडली. लगेच बिस्किट मिळालं. भुंग्याने बिस्किटाकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं आणि बराच वेळ विचार केला. मंगळवारी त्याने चार वेळा चप्पल पळवली आणि चारही वेळा पहिल्याच आज्ञेला सोडली.

"बघा प्रगती!" हेडक्लार्क छाती फुगवून म्हणाले.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आधी तो दिवसातून एक चप्पल न्यायचा. आता घरात पायात घालायला जोड सापडत नाही."

"पण सोड म्हटलं की सोडतो ना?"

"सोडण्यासाठीच तर नेतो!"

शुक्रवारपर्यंत बिस्किटांचे सहा पुडे संपले. आता भुंग्या चप्पल आणून थेट हेडक्लार्कांच्या पायाशी उभा राही. ते पेपरात डोकं घालून बसले असले, तर एकदाच भुंके. आवाज ठाम असे.

रविवारी दहाच्या ठोक्याला सेक्रेटरी आले. बूट दाराशी काढून, हातात फॉर्म घेऊन खुर्चीत बसले. बायकोने चहा आणि बशीत दोन बिस्किटं पुढे ठेवली. पुढच्याच मिनिटाला भुंग्या त्यांचा डावा बूट घेऊन हजर. लेकीने डोळे गच्च मिटून घेतले.

"सोड!"

बूट खाली पडला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. सेक्रेटरींच्या भुवया वर गेल्या. "अरे वा!"

बिस्किट देईपर्यंत उजवा बूट आला. मग सासूबाईंची चप्पल आली. दार उघडंच होतं, त्यामुळे पाठोपाठ शेजाऱ्यांची सँडल आली, वरच्या मजल्यावरचे बूट आले. हेडक्लार्क "सोड, सोड" म्हणून घामाघूम झाले आणि अकराव्या पायताणाला डबा रिकामा झाला. भुंग्याने पायताण सोडलं आणि बसून वाट पाहिली. बिस्किट आलं नाही. तेव्हा तो एकदाच भुंकला.

हेडक्लार्क ताडकन उठले. त्यांनी सेक्रेटरींच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि भुंग्याला दिलं. बशीत आणखी एक होतं. पुढच्या भुंकण्याला ते खुद्द सेक्रेटरींनीच देऊन टाकलं, तेही घाईघाईने.

सेक्रेटरींनी रिकाम्या बशीकडे पाहिलं, भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. मग फॉर्म भरून, सही ठोकून टेबलावर ठेवला आणि अकरा पायताणांतून स्वतःची दोन शोधून ते निघून गेले.

"मंजूर!" लेक किंचाळली आणि भुंग्याच्या गळ्यात पडली. हसता हसता तिला रडू फुटलं. मग फॉर्म पुन्हा वाचताना ती अडखळली. "बाबा, काकांनी चुकून उलटं लिहिलंय. 'शिकवणारा' पुढे भुंग्या लिहिलंय आणि 'शिकणारा' पुढे तुमचं नाव."

"असू दे," बायको म्हणाली. "खाडाखोड केली तर फॉर्म बाद होईल."

हेडक्लार्क काहीतरी ठाम बोलणार होते. तेवढ्यात दाराशी भुंग्या एकदाच भुंकला, आणि ते पिशवी घेऊन बिस्किटं आणायला निघाले.