मानाची पहिली टोचणी

साथ आली की माणसाची बुद्धी डगमगते, आणि डगमगलेल्या माणसाच्या हाती सार्वजनिक पैसा देऊ नये, हे तत्त्व कोणत्याही सुधारलेल्या राष्ट्राला मान्य होईल. म्हणून १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप शिरला, तेव्हा सरकारने आणि लोकांनी मिळून शास्त्रीय शोधासाठी जो पैसा बाजूला काढला, तो शास्त्रज्ञांच्या हाती पडू नये यासाठी आमचे मंडळ स्थापन झाले. ‘गाठीच्या तापावरील शास्त्रीय शोधास उत्तेजन देणारे मंडळ, गिरगाव’ हे त्याचे पूर्ण नाव. मी त्याचा ऑनररी सेक्रेटरी. (ऑनररी म्हणजे बिनपगारी. गाडीभाडे आणि फराळ पगारात धरत नाहीत.)

अध्यक्ष रावबहादूर हरेश्वरपंत. त्यांचा शास्त्राशी संबंध इतकाच, की त्यांच्या दिवाणखान्यात एक दुर्बीण आहे. पण निःपक्षपाती निर्णयासाठी विषयाचे ज्ञान नसलेलेच बरे, असे सर्वांचे मत पडले. त्या कसोटीला आम्ही सगळेच उतरलो.

सुरुवातीच्या सभा रोगाला काय म्हणावे यात गेल्या. ‘प्लेग’ म्हटले तर परदेशची बंदरे आपला माल उतरवून घेणार नाहीत. नुसता ‘ताप’ म्हटले तर त्याच्या शोधाला पैसा कशाला, असे कोणी विचारील. शेवटी ‘संशयित ताप’ या नावावर तडजोड झाली. ज्याला तो झाला त्याला संशय राहत नसे, पण तो मंडळाचा सभासदही नसे. दरम्यान गिरगावातल्या बऱ्याच घरांना कुलपे लागली आणि माणसे मिळेल त्या बोटीने गावी पळाली. त्यामुळे रस्त्यावरची कलकल थांबून सभांना चांगली शांतता लाभली.

शोधाला उत्तेजन द्यायचे तर शोध करणारा कोणी लागतो. तसा एकच निघाला. हेरंब डॉक्टर परळला एका रिकाम्या तबेल्यात काम करीत. माणूस हुशार, वागायला सरळ, पण त्यांना घाईचे व्यसन होते. तापाचे विष मांसाच्या रश्श्यात वाढवून, ते तापवून मारून, त्याची लस त्यांनी केली होती. ती दंडात टोचली तर ताप बहुधा येत नाही, असे त्यांचे म्हणणे. भांडी, रस्सा आणि दोन मदतनीस यांना पैसे मिळाले तर लालबागच्या गिरणकामगारांच्या चाळी टोचून काढतो, असे ते म्हणाले.

मंडळाने पुरावा मागितला. डॉक्टर म्हणाले, टोचल्याशिवाय पुरावा नाही, लशीशिवाय टोचणे नाही आणि पैशाशिवाय लस नाही. मंडळ म्हणाले, पुराव्याशिवाय पैसा नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे इतके स्वच्छ होते की वादाला जागाच उरली नाही, आणि सभा वेळेवर संपली.

पुढे रश्श्याचा प्रश्न निघाला. सार्वजनिक पैशातून मांस शिजवावे काय? एका सभासदाने वरणाच्या पाण्याची सूचना केली. दुसऱ्याने त्यात हिंग असावा अशी उपसूचना केली. पोटकमिटी नेमली. तिच्या खर्चाचा तपशील असा: विचारविनिमय शेकडा साठ, फराळ शेकडा पस्तीस, शास्त्र शेकडा पाच. (शास्त्रात दुर्बीण पुसण्याचे फडके आले.) वरणाच्या पाण्यात तापाचे विष वाढत नाही, असे डॉक्टरांनी कळवले, तेव्हा वरणाची थोरवी पटून सर्वांना समाधान वाटले.

एवढे उत्तेजन मिळूनही डॉक्टर थांबेनात. त्यांनी पदरमोड करून थोडी लस केली. ती एका चाळीला जेमतेम पुरण्यासारखी होती. चाळ त्यांनी लालबागची निवडली, कारण तिथे लागोपाठच्या खोल्यांतून तिरड्या निघत होत्या. टोचून घ्यायला माणसे राजी होणे कठीण. सरकार सुईने रक्त काढून नेते, अशी तेव्हा सगळीकडे वदंता होती. पण त्या चाळीत दगडू नावाचा मालवणकडचा गिरणीकामगार राहत असे. त्याचा शब्द चाळ मोडीत नसे. डॉक्टरांनी त्याला समजावले, त्याने घरोघर जाऊन सगळ्यांना समजावले. त्याची बायको गंगुबाई आणि लहान मुलगी मालन यांची नावे त्याने सर्वांत आधी सांगितली.

ही बातमी मंडळाला लागली. आपल्या खर्चाशिवाय शोध पुढे जातो आहे, हे ऐकून आम्हाला आनंद झाला, आणि त्या प्रसंगी हजर राहून उत्तेजन द्यावे असे ठरले. चाळीपुढे मांडव घातला. खुर्च्या गिरगावातून गेल्या. सभासद सहकुटुंब आले.

रावबहादूरांनी भाषणात फार मार्मिक मुद्दा मांडला. गरिबाची भीती उपदेशाने जात नाही, थोरांच्या उदाहरणाने जाते. सबब थोरांनी आधी टोचून घेतले पाहिजे. हेरंब डॉक्टर हळूच म्हणाले की, उदाहरणाला एक थोर पुरेल. पण एक म्हणजे कोणता? ज्याला वगळले त्याचा अपमान. तेव्हा मानाच्या क्रमाने जावे असे ठरले: अध्यक्ष, उपाध्यक्ष, त्यांची कुटुंबे, माजी अध्यक्ष, देणगीदार, देणगीचे आश्वासन देणारे. मी आठवा होतो. सुई चांगली लांब होती; पण लोकांसाठी काहीही सोसायची माझी तयारी असते, म्हणून मी डोळे मिटून दंड पुढे केला.

लशीची बाटली अर्ध्यावर आली तेव्हा डॉक्टरांचा तोल सुटला. ते आमच्याकडे पाठ करून दगडूला म्हणाले, “अरे, तू तरी पुढे हो. तुझ्या चाळीसाठी केलंय हे.”

दगडू हात जोडून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता. एवढी मोठी माणसे आपल्या दारी येऊन दंड उघडे करतात, हे त्याने जन्मात पाहिले नव्हते. तो म्हणाला, “पयलो मान सायबांचो. गावाक पण मानकरी आदी, मगे आमी. आमका घाई नाय.”

चाळीने माना डोलावल्या. देवळातला प्रसाद त्यांच्या गावात याच क्रमाने वाटत, आणि तिथे तो शेवटच्या माणसाला पुरे. इथे तो शेवटच्या आश्वासन देणाऱ्यापर्यंतच पुरला. डॉक्टरांनी बाटली उलटी करून दाखवली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रयोगाचा हेतू पूर्ण सफल झाला होता: चाळीतल्या एकाही माणसाच्या मनात आता सुईची भीती नव्हती. सगळे बाह्या वर करून उभे होते.

दगडू पुढच्याच आठवड्यात गेला. त्यानंतर गंगुबाई लालबागहून चालत गिरगावात मंडळाच्या कचेरीत आली. तिने आरडाओरडा केला नाही, उलट उंबऱ्याबाहेर उभी राहून मला नमस्कार केला. ती म्हणाली, “घो गेलो. मालन चेडू तापान निजला हा. मान तर आमी दिलो, सायबानू. आता औषद खंय आसा?”

मला वाईट वाटले. (वाईट वाटण्यास मंडळाची मनाई नाही.) औषध म्हणजे ती लसच, आणि ती ताप येण्याआधी टोचायची असते, हे मी तिला नीट समजावले. तिने ते ऐकून घेतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. तेव्हा तिची मागणी पुढल्या सभेपुढे ठेवण्याचे मी कबूल केले, आणि शब्द पाळला.

त्या सभेला डॉक्टर मोठ्या उमेदीने आले. त्यांना वाटले, आता पुरावा आहे. मंडळाने पुरावा बारकाईने तपासला. टोचलेल्यांपैकी दगावले शून्य. परंतु टोचलेले सर्वजण हवेशीर घरांत राहणारे असल्याने ते एरवीही दगावले नसते. सबब लशीचा गुण सिद्ध होत नाही. उलट, आपल्यापैकी कोणीच दगावले नाही, त्या अर्थी साथ सौम्य आहे.

डॉक्टर म्हणाले, चाळीतले मेलेले मोजा. ते नियमात बसत नव्हते. चाळीतल्यांना टोचलेच नव्हते, म्हणजे ते प्रयोगाचा भाग नव्हते. शिवाय लालबागेतून लशीला मागणी घटली होती. त्या चाळीतून एकच मागणी आली होती, आणि मालन सभेच्या आदल्या दिवशी गेल्यामुळे तीही निकालात निघाली होती. हे मी सांगितले तेव्हा हेरंब डॉक्टर भर सभेत रडले. शास्त्रज्ञाला हे शोभत नाही, असा शेरा मारून त्यांची विनंती नामंजूर झाली. पैसा सुरक्षित राहिला. आजही आहे.

मंडळाचा अहवाल छापून आम्ही सर्वांकडून हरकती मागवल्या. एकही आली नाही. ज्यांना हरकत घ्यायला कारण होते, त्यांनीही घेतली नाही. अहवालाच्या सत्यतेला याहून मोठा दाखला कोणता?

वाचकहो, हे वाचून तुम्हाला आमचा राग आला असेल. येऊ द्या, राग येणे हे प्रकृती ठणठणीत असल्याचे लक्षण आहे. आणि प्रकृती ठणठणीत आहे त्या अर्थी बाटली तुमच्यापर्यंत पोचली होती. आमच्या मागच्याच खुर्च्यांवर तुमच्या घरचे कोणीतरी बाही सरसावून बसले होते, आणि दगडूने हात जोडले तेव्हा त्यांनीही खुर्ची सोडली नाही. पुढल्या अहवालात तुम्हाला मी टोचलेल्यांत धरले आहे. हरकत असल्यास कळवावे.