बाथरूमच्या खिडकीतला उपदेश

शनिवारी सकाळी पाळकसाहेबांनी बाथरूमच्या दाराची मूठ स्वतःच घट्ट करायची ठरवली, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

मूठ आठवडाभर खुळखुळत होती. रस्त्यापलीकडे सुताराचं दुकान आहे, त्याला एक हाक मारा, असं पाळकीणबाई रोज सांगत होत्या. पण हाक मारायची म्हणजे पुढे बोलावं लागणार, आणि साहेबांचं घोडं तिथंच अडत होतं. तीन वर्षांपूर्वी मिशनने त्यांना या परक्या मुलखात धाडलं, तेव्हा इथली भाषा ते पवित्र शास्त्रावरून शिकले. त्यामुळे ‘पुनरुत्थान’, ‘प्रायश्चित्त’, ‘बंदिवास’ अगदी जिभेवर. मूठ, नळ, बिजागरी म्हटलं की साहेब मुके. (मागे एकदा खुर्चीचा मोडका पाय घेऊन ते याच सुताराकडे गेले होते आणि ‘या पांगळ्याला उभा कर’ म्हणाले होते. तेव्हापासून सुतार त्यांना बघितलं की खाली मान घालून हसतो.) बाई मात्र ही भाषा बाजारात शिकल्या होत्या. त्यांना कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडतासुद्धा येत असे.

तेव्हा साहेबांनी लोण्याच्या सुरीने मुठीचा स्क्रू पिळला, ‘झालं काम’ म्हणून हात झटकले आणि बाईंना निश्चिंत मनाने प्रार्थनेच्या हॉलवर जायला सांगितलं.

त्या दिवशी त्यांच्या मंडळीतलं पहिलं लग्न होतं. तीन वर्षांत रविवारी उपासनेला येणारी माणसं अकराच्या वर गेली नव्हती, आणि लग्न तर एकही लागलं नव्हतं. नवरी दवाखान्यात नर्स, नवरा जहाजावरचा खलाशी. जहाज एक वाजता सुटणार, मग आठ महिने परतायचं नाव नाही. नवरीचे वडील निवृत्त हेडमास्तर. हे लग्नही त्यांना पसंत नव्हतं आणि हा परदेशी पाळकही. ते एवढंच म्हणाले होते, की अकराच्या ठोक्याला सुरू झालं तर ठीक, नाहीतर मी मुलीला घेऊन घरी जाईन. आणि ते तसं करणाऱ्यांपैकी होते.

बाई आणि थोरली मुलगी फुलं घेऊन साडेनऊला गेल्या. दहाला साहेब आंघोळीला शिरले. सव्वादहाला बाहेर यायला त्यांनी मूठ फिरवली, तर ती दारातून निघून अलगद त्यांच्या हातात आली. पलीकडची मूठ बाहेर धपकन पडली. दारात उरली ती बोटभर लोखंडी दांडी, आणि ती ओल्या बोटांनी काही केल्या फिरेना.

साहेबांनी खांद्याने दार ढकललं. दार जुन्या सागवानाचं होतं, खांदा नव्हता. पलंगावर फोन वाजायला लागला. तो वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. बाईच असणार. हेडमास्तर आता घड्याळ काढून बसले असतील. नवरी दाराकडे बघत असेल.

पंचा नेसून खिडकीत कसं उभं राहायचं? सुदैवाने वाफेने चुण्या जाव्यात म्हणून बाईंनी पांढरा झगा बाथरूममध्येच टांगला होता. तो चढवून, बादली पालथी घालून ते वर चढले आणि पहिल्या मजल्याच्या त्या वीतभर खिडकीतून डोकं आणि एक हात बाहेर काढला. समोर बसथांब्यावर पाचसहा माणसं उभी होती.

आता ओरडायचं काय? साहेबांना जे येत होतं, तेच तोंडातून आलं.

“अहो वाटसरूंनो, थांबा. मी बंदिवासात पडलो आहे, आणि माझं दार उघडणारा कोणी नाही.”

माणसं थांबली. एकाने टोपी काढली.

“घटका भरत आली आहे,” साहेब कळवळून म्हणाले. “तिकडे नवरदेव वाट पाहत उभा आहे, आणि मी इथे अंधारात!” (दिवा सुरू होता; पण ‘बाथरूम’ला शब्द कुठला आणायचा?)

बस आली आणि रिकामीच गेली. पोस्टमन सायकलवरून उतरला. एक जाडजूड बाई पिशवी खाली ठेवून डोळे पुसायला लागली. गर्दी पंधरा झाली, वीस झाली. जो तो मान डोलवत होता, पण जागचं कोणी हलत नव्हतं. साहेबांनी आवाज आणखी चढवला, तशी ती बाई हुंदकेच देऊ लागली. आत फोन तिसऱ्यांदा वाजून थांबला. अकराला वीस मिनिटं होती.

शेवटी साहेबांनी हताश होऊन हातातली मूठच गर्दीपुढे नाचवली.

सुतार दुकानाच्या दारात हाताची घडी घालून ऐकत होता. मूठ बघताच त्याने मान खाली घातली, त्याचे खांदे थोडा वेळ हलत राहिले, आणि मग तो शिडी घेऊन आला. वर चढून त्याने खिडकीतून पक्कड आत दिली आणि खुणेने सांगितलं, की दांडी धरून फिरवा. दार एका झटक्यात उघडलं.

साहेब पायात सपाता, अंगात झगा अशा थाटात धावत सुटले. वाटेत त्यांनी मागे वळून पाहिलं, तर सगळी गर्दी पाठोपाठ येत होती. हॉलच्या पायरीवर हेडमास्तर मुलीचा हात धरून उतरायच्याच बेतात होते. त्यांनी धापा टाकणारा पाळक पाहिला, त्याच्यामागे लोटलेली माणसं पाहिली, घड्याळ पाहिलं. अकराला एक मिनिट कमी होतं. त्यांनी मुलीचा हात सोडला आणि मुकाट्याने आत जाऊन बसले.

लग्न लागलं. खुर्च्या कमी पडल्या, असं तीन वर्षांत प्रथमच घडलं. नवरा-नवरी बंदराकडे निघून गेल्यावर ती जाडजूड बाई पाळकीणबाईंना गाठून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. साहेब उत्सुकतेने जवळ गेले.

“काय म्हणते?”

“म्हणते, मागे दोन रविवार आली होती, दोन्ही वेळा तिला झोप लागली,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “आज मात्र तुमचा शब्द न् शब्द काळजाला भिडला.”

साहेबांना भरून आलं. उद्या उपासनेला नक्की ये, असं तिला सांगायला त्यांनी बाईंना विनवलं. बाईंनी सांगितलं. तिने परत काहीतरी विचारलं, आणि बाईंनी पदर तोंडाशी नेला.

“अहो, ती विचारतेय, उद्या तुम्ही हॉलमध्ये बोलणार की बाथरूममध्ये? हॉलमध्ये असेल तर येत नाही म्हणते.”