कावळा शिवलेली कविता

एका जंगलात, बाळांनो, सगळे कवी दुःखी होते. उपाशी नव्हते हं. दोन्ही वेळा पोटभर जेवायचे, दुपारी घोरायचे आणि उठून दुःखी व्हायचे. तिथली रीतच तशी होती.

माणूस गेला की दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवावा लागतो, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या जंगलात कवितेलाही कावळा शिवावा लागे. कवीनं पळसाच्या पानावर कविता लिहायची, नदीकाठच्या सपाट धोंड्यावर ठेवायची आणि हात जोडून लांब उभं राहायचं. मग शास्त्रीबुवा डोमकावळे येत. मान तिरकी करून वाचत. चोच लावली तर ती कविता शनिवारच्या सभेत वाचायला मिळे. नाही लावली तर पान तिथंच पडून राही आणि एक भेकर येऊन ते खाऊन टाकी.

ज्या कवितेत कुणी मेलेलं नाही, तिला शास्त्रीबुवा शिवत नसत. म्हातारं घुबड त्यांचं फार लाडकं. घुबडाचे बारा संग्रह होते आणि त्यांत त्याची आई एकूण नऊ वेळा वारली होती. आई शेजारच्या वडावर राही आणि सून वेळेवर जेवायला घालत नाही म्हणून दिवसभर कुरकुरे. कथा लिहिणारेही काही कमी नव्हते. त्यांच्या गोष्टीत शेवटच्या ओळीला कुणीतरी विहिरीत उडी मारायचंच. जंगलात विहीर नव्हती. पण विचारतो कोण?

हसू नका. पुढं ऐका.

त्या जंगलात दाजिबा नावाचं एक साळिंदर होतं. पाठीचा एक काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि लिहायला बसायचं, असा त्याचा अकरा वर्षांचा नेम. अकरा वर्षांत एकाही कवितेला कावळा शिवला नव्हता. बायको येसू म्हणायची, “अहो, थंडीत पाठ उघडी पडेल. जरा कमी लिहा.”

दाजिबाची अडचण एवढीच, की त्याचं बरं चाललं होतं. बीळ कोरडं होतं. येसूच्या हाताला चव होती. मरायला टेकलेलं असं घरात कुणी नव्हतं. त्यानं आपली करवंदांवर कविता लिहिली होती.

करवंदीच्या जाळीमध्ये येसू माझी शिरली,
अर्धी खाल्ली तिथल्या तिथे, अर्धी ओटीत भरली.
मला म्हणाली, उरली नाहीत. मी म्हटलं, बरं!
जांभळ्या तिच्या जिभेनंच सांगितलं खरं.

येसूला ही कविता पाठ होती. भांडी घासताना म्हणायची. शास्त्रीबुवांनी मात्र ती लांबूनच पाहिली आणि विचारलं, “यात दुःख कुठंय?”

“करवंदं संपली ना, बुवा,” दाजिबा चाचरत म्हणाला.

शास्त्रीबुवा उडून गेले. भेकरानं पान खाल्लं. खाऊन झाल्यावर बराच वेळ ओठ चाटत उभं राहिलं. पण भेकराच्या मताला जंगलात किंमत नव्हती.

त्या संध्याकाळी दाजिबा घरी येऊन कोपऱ्यात बसला. अकरा वर्षं! कालचं पोर ते वटवाघूळ, त्यालासुद्धा शिवला कावळा. त्याला मनापासून रडू आलं. मग त्यानं डोळे पुसले, एक काटा उपटला आणि लिहिलं:

येसू नाही.
बीळ आहे.
बीळही नाही.
मीही, बहुधा, नाही.

“अहो, रताळं उकडू की भाजू?” चुलीपाशी बसलेल्या येसूनं विचारलं.

“भाज,” दाजिबा म्हणाला आणि त्यानं कवितेला नाव दिलं, ‘रिकामं बीळ’.

दुसऱ्या दिवशी कावळा शिवला. एकदा नाही, तीनदा शिवला. शास्त्रीबुवांनी चोच पुसली आणि म्हणाले, “दाजिबा, अखेर तुम्ही भोगलंत.”

झालं! जंगलभर नाव झालं. घरी सांत्वनाला रीघ लागली. घोरपडबाई आल्या, रानडुक्कर आलं, तरससुद्धा आलं. तरसाला रडता येत नाही, म्हणून ते हसलं. सगळ्यांनी समजून घेतलं. येसू ज्याला त्याला पाणी देत होती आणि भाजलेलं रताळं पुढं करत होती.

घोरपडबाईंनी रताळं घेतलं आणि विचारलं, “ह्या कोण?”

दाजिबानं मान वर केली. समोर शास्त्रीबुवा बसले होते. तो म्हणाला, “ही... घरकाम बघते.”

पाहुणे गेल्यावर येसू म्हणाली, “अहो, मेले तर मेले, पण मोलकरीण कशाला केलीत?”

दाजिबा म्हणाला, “अगं, साहित्यात असं चालतं.”

“चालत असेल,” येसू म्हणाली आणि रताळ्याची सालं गोळा करू लागली.

चार दिवसांनी शास्त्रीबुवा निरोप घेऊन आले. जंगलातर्फे दाजिबाचा मोठा सत्कार होणार होता. शाल, नारळ, सगळं. फक्त एक करा, ते म्हणाले. कवितेत गेलेली बाई दारात धुणं वाळत घालताना दिसते, ते कवितेला मारक आहे.

म्हणून येसू आठ दिवस माहेरी निघाली, पलीकडच्या घळीत, भावाकडं. गाठोडं बांधताना म्हणाली, “मी जाते. पण सत्कारात करवंदांची कविता एकदा वाचा. माझ्या भावजयीला ऐकवायचीय. तिला खरंच वाटत नाही, माझ्यावर कुणी कविता केलीय म्हणून.”

“बघू,” दाजिबा म्हणाला.

सत्काराला ही गर्दी! दाजिबा उभा राहिला तेव्हा करवंदांची कविता त्याच्या ओठावर होती. अगदी खरं सांगतो, ओठावर होती. पण शास्त्रीबुवांनी ‘रिकामं बीळ’ची आज्ञा केली. मग लोकांनी पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी दाजिबाला समोरच्या झुडपामागं दोन साळिंदरं दिसली. एक भावजय होती आणि एक येसू.

शेवटी घुबडानं सांगितलं, की कै. येसूबाईंसाठी सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं. सगळे उभे राहिले. झुडपामागं येसूही उभी राहिली. मान खाली घालून, पूर्ण दोन मिनिटं. दाजिबानं ते पाहिलं आणि त्याला शालीत घाम फुटला.

घरी आल्यावर तो म्हणाला, “पुढच्या सभेत नक्की वाचतो.”

“वाचा हो,” येसू म्हणाली. तिनं शाल घडी घालून ठेवली.

पुढच्या सभेत जमलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग थंडी पडली. येसूला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. एवढंच. यात काही अलंकार नाहीत, बाळांनो, ती गेली.

दाजिबा दारोदार सांगत सुटला. “अहो घोरपडबाई, येसू गेली हो!”

“हो, वाचलंय आम्ही,” घोरपडबाई म्हणाल्या. “फार सुंदर आहे.”

रानडुक्कर म्हणालं, “मागंच येऊन गेलो की आम्ही.” तरस या वेळी हसलं नाही.

दाजिबानं लिहायचा प्रयत्न केला. काटा उपटला, बुडवला. दिवसभर बसून एकच ओळ झाली: रताळं उकडू की भाजू, असं आता कोण विचारणार? ती त्यानं धोंड्यावर नेलीसुद्धा नाही.

दहाव्या दिवशी त्याच धोंड्यावर त्यानं येसूचा पिंड ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. शास्त्रीबुवा आले. मान तिरकी केली.

“कुणाचा?”

“येसूचा.”

“तिला मी शिवलोय. तीनदा.”

“बुवा, तेव्हा ती मेली नव्हती.”

“असं कसं? मी शिवलो म्हणजे मेली होती. एकाच बाईला पुन्हा शिवायची रीत नाही.”

“मी खोटं लिहिलं होतं,” दाजिबा म्हणाला. त्यानं खांद्यावरची शाल काढून धोंड्यावर ठेवली. “ही घ्या परत. उद्या सभेत सगळ्यांसमोर सांगतो. पण शिवा हो. ती अडकून राहील.”

“शालीचं काही नाही, दाजिबा,” शास्त्रीबुवा म्हणाले. “माझ्या मताचा प्रश्न आहे.”

कावळा शिवेना की गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा बोलून दाखवायची असते. दाजिबाला ती माहीत होती. त्यानं डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणायला लागला, “करवंदीच्या जाळीमध्ये येसू माझी शिरली...”

“हे आनंदी आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले आणि उडून गेले.

दाजिबानं ऊन उतरेपर्यंत वाट पाहिली. मग त्यानं दर्भ गोळा केला, त्याचा कावळा केला आणि आपल्याच हातानं पिंडाला शिववला. दर्भाच्या कावळ्याला मत नसतं. तो शिवतो.

मागं पाला वाजला. भेकर उभं होतं. ते म्हणालं, “दाजिबा, ती करवंदांची पुन्हा म्हणता का? मागं मी पान खाल्लं होतं. चव अजून आहे.”

दाजिबा पुन्हा म्हणू लागला. “मला म्हणाली, उरली नाहीत...” इथं त्याला पुढं म्हणवेना.

पुढची ओळ भेकरानं म्हटली.

तात्पर्य : आपल्या माणसांवरच्या शोककविता ती माणसं धडधाकट असतानाच लिहून, कावळा शिववून घ्याव्यात. माणूस खरंच गेल्यावर लिहायला बसलं की एका ओळीपुढं काही सुचत नाही, आणि लोक म्हणतात, वाचलंय.